मोहेरच्या गोठ्यातलं काळं पिल्लू

सावंत साहेबांनी शेळीचं ते पिल्लू थेट मीटिंगच्या टेबलावर ठेवलं. काळं कुळकुळीत, लांब कानांचं. गुळगुळीत काचेवर त्याचे पाय चारी दिशांना घसरत होते आणि ते बें बें करत माझ्याकडे बघत होतं.

"बापू, हे तुमच्या बोकडाचं," साहेब म्हणाले. "आता तुम्हीच सांगा, याच्या अंगावर मोहेर कुठे आहे?"

कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कंपनीचं हे ऑफिस. ही कंपनी मोहेरपासून, म्हणजे शेळीच्या लांब रेशमी केसांपासून, शालींसाठी धागा काढते आणि तिथली खरेदी सावंत साहेब बघतात. समोरच्या खुर्च्यांवर गारगोटीकडचे शेळीपालक बसले होते. पुढच्या हंगामात त्यांनाही माझेच बोकड द्यायचे, असं ठरलं होतं. त्यांची माझी ओळख करून द्यायला मला बोलावलंय, असं मला फोनवर सांगितलं होतं. ओळख झाली, पण ही अशी.

मी उचगावात राहतो आणि पैदाशीचे बोकड तयार करून विकतो. सुरुवात केली ती बाजाराच्या दिवशी दुसऱ्यांची जनावरं धरून उभं राहण्यापासून. टॉवेलखाली बोटं दाबून सौदा कसा करतात, ते तिथंच शिकलो. या धंद्यात माझ्याकडे ना पदवी, ना बापजाद्यांची जमीन. माझा बोकड खरा असतो, एवढं एकच भांडवल. ते त्या दिवशी टेबलावर घसरत होतं.

"ह्याचं भावंड कुठं हाय?" मी विचारलं.

"ते पांढरं आहे. गोठ्यात आहे."

"मग ते बी आणायचं हुतं की. एकच कसं आणलं?"

साहेब म्हणाले, मुद्दा तोच आहे. एका शेळीला जुळं होतं, त्यातलं एक पांढरं आणि एक काळं निघतं, याचा अर्थ बोकडाचं रक्त भेसळीचं आहे. शुद्ध असता तर एका पोटातून दोन तऱ्हा निघाल्या नसत्या. शिवाय पांढऱ्याच्या अंगावरही राठ केस आहेत. हा विषय क्लिअर होईपर्यंत ऑर्डर होल्डवर, आणि हे पिल्लू ज्याच्याकडे जन्मलं त्या मारुतीच्या गोठ्यातला माझा बोकड मी परत न्यायचा.

मागून कुणीतरी विचारलं, "बापू, इकायच्या आदी बोकड पार्लरला नेलता काय?"

सगळे हसले. सावंत साहेबही हसले. ते हसणं मी अजून विसरलेलो नाही. माझा आवाज चढला, मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण निघताना एवढं ऐकवून आलो की ज्या खोलीत माझ्या बोकडाला खोटं ठरवलं, त्याच खोलीत, याच माणसांसमोर, तो खरा आहे असं साहेबांना म्हणावं लागेल.

आता हे प्रकरण कळायला केसांची थोडी माहिती पाहिजे. आपल्या नेहमीच्या शेळीच्या कातडीत केसांची दोन तऱ्हेची मुळं असतात. एकातून वरचा जाड केस येतो, दुसऱ्यातून खालची बारीक लव. देशी शेळीत जाड केसांचा अंमल, लव नावापुरती. मोहेरच्या शेळीत हे उलटं असतं. तिथं बारीक केसांची मुळं भरपूर, आणि ती लव लांब, कुरळी, रेशमासारखी चमकत खाली लोंबते. वर्षातून दोनदा कातरायची. या केसांत मधूनच एखादा खडूसारखा पांढरा, ठिसूळ केस उगवतो. त्याला केंप म्हणतात. तो रंग नीट धरत नाही, त्यामुळे शालीवर उठून दिसतो. बोकड निवडताना मी मागच्या मांडीवरचे केस फाकून आधी केंप बघतो. लबाडी असली तर ती तिथेच दिसते, कारण विकणारा खांद्यावरचेच केस दाखवतो.

हे सगळं आईबापांकडून येतं, पण एका गोष्टीतून येत नाही. बारीकपणा, लांबी, चमक, केंप, प्रत्येकाच्या मागे अनेक जनुकं. निम्मी आईची, निम्मी बापाची. म्हणून देशी शेळीला मोहेरचा बोकड दाखवला की पहिल्या पिढीत मधलंच काहीतरी निघतं. त्या पिढीच्या माद्यांना पुन्हा मोहेरचा बोकड, त्यांच्या माद्यांना पुन्हा, असं करत करत केस सुधारतो. कंपनीने मारुतीला दिलेल्या शेळ्या अशा मधल्या पिढीच्या होत्या.

रंगाचं मात्र जरा सोपं आहे. मोहेर जातीचा पांढरा रंग दुसऱ्या रंगाला झाकतो. माझा तो बोकड मी आधी काळ्या शेळ्यांनाही दाखवून बघितला होता. सगळी पिल्लं पांढरी. एखाद्याच्या कानावर तांबूस ठिपका, एवढंच. असा बोकड अचानक कुळकुळीत काळं पिल्लू देत नाही. आणि पांढऱ्या पिल्लाच्या राठ केसांचं म्हणाल तर मोहेरचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगावर थोडे राठ केस असतातच. काही महिन्यांत ते गळून जातात. साहेबांना हे माहीत नव्हतं, की माहीत असून बोलले?

तिथून माझ्या डोक्यात संशयाचं चाक फिरायला लागलं. धंद्यात तो माझा स्वभावच झालाय. पहिला संशय सावंत साहेबांवर. सौदा ठरवताना मी त्यांना खूप घोळवलं होतं आणि शेवटी मी म्हणेन त्याच किमतीवर आणलं होतं. आता दुसरा कुणी स्वस्तात बोकड द्यायला तयार झाला असेल आणि माझ्यातून सुटायला त्यांना निमित्त हवं असेल. दुसरा संशय कंपनीच्या टेम्पो ड्रायव्हरवर. वाटेत बोकड बदलायला कितीसा वेळ लागतो? तिसरा डॉक्टर कांबळे मॅडमवर. त्या कंपनीच्या पगारी व्हेटर्नरी डॉक्टर. पगार देणारा सांगेल तेच त्या बोलणार, असं मी धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशीच मी मारुतीचं गाव गाठलं. गारगोटीच्या अलीकडे रस्त्यापासून थोडं आत आहे. मारुतीचं दोन म्हशींचं दूध, थोडा ऊस, आणि आता कंपनीच्या शेळ्या. तिकडचा पाऊस दांडगा, म्हणून शेळ्यांसाठी जमिनीपासून उंच, फळ्यांच्या तळाचा गोठा बांधलेला. खाली मोकळं अंगण, त्याला कमरेएवढा दगडी गडगा.

बोकडाचं तोंड उघडून दात बघितले. चार दाती, म्हणजे वय बरोबर. डाव्या कानाला मी दिलेली खाच बरोबर. मांडीवरचे केस फाकले, केंप शोधून सापडेना. बोकड माझाच होता. ड्रायव्हर सुटला.

कांबळे मॅडम तिथेच आल्या होत्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, आवाज शांत. त्यांनी सांगितलं की पिल्लांचं, आईचं आणि बोकडाचं रक्त घेऊन बाहेरच्या लॅबला पाठवणार. बाप कोण ते डीएनएवरून कळतं.

"आणि रिपोर्ट काय यायचा ते सायबांनी ठरवलंय?" मी म्हणालो.

मॅडमनी सुई खाली ठेवली. "बापू, तुमचा माझ्यावर विश्वास नाही ना? मग प्रत्येकाच्या दोन बाटल्या भरते. एक लॅबला, एक तुमच्याकडे. सील तुम्ही करा. रिपोर्ट पटला नाही तर तुमची बाटली तुम्ही पाहिजे तिथे तपासून घ्या."

मी सौद्यातला माणूस. समोरचा न मागता एवढं देतो तेव्हा मला आणखी भीती वाटते. पण बाटल्या घेतल्या. वर लाख ओतून माझ्या अंगठीचा ठसा उमटवला आणि घरी नेऊन फ्रीजमध्ये ठेवल्या. बायकोने दह्याशेजारी बोकडाचं रक्त बघितलं आणि त्या दिवसापासून दही उघडं ठेवायचं बंद केलं. आपण नवऱ्याला ओळखतो, असं तिला लग्नानंतर बराच काळ वाटत होतं, असं ती शेजारणीला सांगत होती.

रिपोर्टची वाट बघत असताना मॅडमचा एकदा फोन आला. गाभण शेळ्यांना मारुती खुराक काय देत होता, ते त्यांना पाहिजे होतं. मी विचारलं, त्याचा काय संबंध? त्यांनी समजावलं. पिल्लू पोटात असतानाच त्याच्या कातडीत बारीक केसांची बीजं पडतात. शेवटच्या दिवसांत आईला खायला कमी पडलं तर बीजं कमी पडतात, मग बाप कितीही भारी असो. जनुकं फक्त हद्द ठरवतात, त्या हद्दीत किती पोचायचं ते खुराक ठरवतो. हे मला ठाऊक नव्हतं. मी लिहून घेतलं नाही, पण लक्षात ठेवलं. पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी ते माझंच म्हणून सांगतो.

रिपोर्ट आला. पांढऱ्या पिल्लाचा बाप माझा बोकड. काळ्याचा बाप दुसराच.

यात जादू काही नाही. शेळी एकदा माजावर आली की दीड-दोन दिवस ती बोकड घेते. त्या वेळेत दोन बोकड लागले तर जुळ्याला दोन बाप होऊ शकतात. एकाच पोटात, शेजारी शेजारी. मॅडमनी हे सावंत साहेबांसमोर स्वच्छ सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. त्यांच्यावरचा संशय मी त्या दिवशी मागे घेतला. बाटल्या मात्र फ्रीजमध्येच ठेवल्या.

मला वाटलं, संपलं. पण साहेब खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "ठीक आहे, बोकड शुद्ध आहे. मग दुसरा बोकड आला कुठून? मारुती म्हणतो त्याच्याकडे दुसरा नाही. गोठ्याची माहिती घेतली तेव्हाही त्याने एकच लिहून दिलाय. तुम्ही आणि मारुती मिळून मटणाच्या पिल्लांचा धंदा करत नाही कशावरून? काळ्या पिल्लाला बाजारात उठाव जास्त असतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे."

म्हणजे आधी मी भेसळ करणारा होतो, आता चोर झालो. ऑर्डर होल्डवरच राहिली. गारगोटीकडच्या एकाने तर फोन करून मला विचारलं, काळ्याचा भाव वेगळा लावता काय.

खरं सांगायचं तर मारुतीवर माझाही संशय होता. कंपनी केसांचे पैसे देणार कातरणीनंतर. काळं पिल्लू मात्र जत्रेला हातोहात जातं. शेजारचा बोकड गुपचूप आणून दाखवला तर कोण बघतंय? मी पुन्हा त्याच्या गावाला गेलो, या वेळी न सांगता. अंगणात शिरताना गडग्याच्या दगडात अडकलेले काळे, जाड केस दिसले. मी ते उपटले आणि मूठ मिटून मारुतीसमोर उभा राहिलो.

"मारुती, दुसरा बोकड कुठं बांधलायस?"

"आईच्यान सांगतो बापू, माज्या दावणीला दुसरा बोकड न्हाय."

"शेजाऱ्याचा?"

"आमच्या आळीत कुणाकडंच न्हाय. सगळ्यांनी इकून टाकलं. म्हणून तर तुमचा घेतला न्हवं?"

मूठ उघडून केस दाखवले. त्याने त्यातला एक उचलून उन्हात धरला. चेहऱ्यावर चोरी नव्हती. मी आयुष्यभर विकणाऱ्यांचे चेहरे वाचत आलोय. मारुती खोटं बोलत नव्हता, आणि तरी केस माझ्या हातात होते. त्याचाच मला जास्त राग आला. माणूस खोटं बोलत असेल तर निदान कुठे धरायचं ते कळतं.

मी म्हणालो, आज मी इथून हलत नाही. जोत्यावर बसून राहिलो. मारुती वैरणीला गेला, आला, म्हशी धुतल्या. त्याची आई, तिला सगळे आक्का म्हणतात, तिने दोनदा चहा दिला आणि एकदा जेवायला वाढलं. माझ्या बसण्याचं कारण काही तिने विचारलं नाही. पाहुणा बसलाय म्हणजे बसू दे, असा तिचा हिशेब.

उन्हं जरा कलली आणि घंटा वाजली. गडग्यावरून एक भलादांडगा काळा बोकड स्वतःच्या घरात यावं तसा आत आला. गळ्यात पितळी घंटा, शिंगांना शेंदूर, कपाळाला भंडारा. अंगणातल्या दोन शेळ्या शेपट्या हलवत पुढे झाल्या. आक्का आतून भाकरी घेऊन आली, त्याच्यापुढे धरली आणि हात जोडले.

"मारुती, ह्यो कोण?"

"त्यो? त्यो देवाचा हाय."

"रोज येतोय?"

"रोज म्हंजे, त्याच्या मनावर हाय. आक्काच्या हातची भाकरी खाऊन जातोय. समद्यांच्या घरी जातोय त्यो."

"आन् मी सकाळपासनं काय इचारतोय तुला?"

"तुमी दुसरा बोकड हाय का म्हणून इचारलं," मारुती खरोखरच गोंधळून म्हणाला. "ह्यो बोकड हाय व्हय? देवाचा हाय की ह्यो."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. गावात कुणी नवस फेडायला बोकडाचं पिल्लू देवाच्या नावाने सोडतं. सोडलं की ते कुणाचंच राहत नाही. त्याला कुणी बांधत नाही, हाकलत नाही, विकत नाही. काही गावांत जत्रेला त्याचा बळी जातो. या गावात मात्र तो आपल्या मरणानेच मरतो. कुणाच्या दारात उभा राहिला तर त्या घराला बरं वाटतं. गावात बोकड किती, असं विचारलं तर त्याची गणना कुणी करत नाही. देवळातल्या मूर्तीला घरपट्टी लावावी तसं ते त्यांना वाटेल. कंपनीच्या माणसाने माहिती घेतली तेव्हा सगळ्यांनी खरीच उत्तरं दिली होती. मारुती सकाळी माजावरच्या शेळीला माझा बोकड दाखवायचा, मग तिला अंगणात सोडायचा, आणि कलत्या उन्हात देव यायचा.

माझा तोल गेला. मी ओरडलो की यांच्या देवाने माझं नाव मातीत घातलं.

आक्का माझ्याकडे वळली. "पावणं, आवाज कमी करा. त्यो ऐकतोय."

बोकड खरंच माझ्याकडे बघत भाकरी चघळत होता.

मी मॅडमना फोन लावला. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. आता नमुना पाहिजे होता. गडग्यावरचे केस चालणार नाहीत, मुळासकट उपटलेला केस हवा, असं त्या म्हणाल्या. आक्काने सांगितलं, देवाला विचारल्याशिवाय त्याच्या अंगाला हात लागणार नाही. मग देवळात कौल लावायचं ठरलं. मूर्तीला ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी आधी पडली तर होकार. मॅडम बाहेर बूट काढून शांत बसल्या, बॅग मांडीवर. मी आत जाऊन गुरवाच्या हाताकडे बघत राहिलो. डाव्या पाकळीला त्याने पाणी जास्त लावलं की उजवीला, ते मला बघायचं होतं. उजवी पडली. आक्काने स्वतःच्या हाताने चार केस उपटून मॅडमच्या पाकिटात टाकले आणि बोकडाची माफी मागितली. लॅबमध्ये ते केस काळ्या पिल्लाशी जुळले.

यापुढे काय व्हायला पाहिजे होतं, ते कुणीही सांगेल. सावंत साहेबांनी मेल पाठवला. प्रोसीजरमध्ये गॅप होता, आता गडगा उंच करण्यात येईल, पुढील ऑर्डर पूर्ववत. माझ्या बोकडाचं नाव त्यात नव्हतं. मी फोन केला की त्याच खोलीत, त्याच माणसांसमोर एक वाक्य बोला. ते म्हणाले, "बापू, गैरसमज होता, सोडून द्या. बिझनेसमध्ये इतकं मनाला लावून घेऊ नये."

गडगा उंच झाला. देवाला मात्र फाटकातून यायची मुभा ठेवावी लागली, कारण आक्काने त्याशिवाय शेळ्या ठेवायला नकार दिला. आता तो येतो तेव्हा मारुती शेळ्या वर गोठ्यात चढवतो आणि फळी लावतो. काळी पिल्लं तीन निघाली. ती विकून टाका, असं साहेबांनी कळवलं. आक्काने कळवलं की देवाची लेकरं विकत नाहीत आणि कापत नाहीत. केस नाहीत, दूध नाही, विक्री नाही. कंपनीच्या खुराकावर ती मस्त वाढतायत. मॅडम येतात तेव्हा आक्का त्यांच्याकडूनही पिल्लांना भंडारा लावून घेते.

या धंद्यात आता मी एक नियम केलाय. नवं गिऱ्हाईक आलं की गोठ्यात बोकड किती, हे मी विचारतच नाही. सकाळी जाऊन जोत्यावर बसतो आणि उन्हं उतरेपर्यंत कोण कोण आत येतं ते बघतो. माणसं खोटं फार कमी बोलतात. आपण ज्याला बोकड म्हणतो त्याला ती बोकड म्हणत नाहीत, एवढंच.

आणि सावंत साहेबांचं वाक्य अजून यायचंय. तोपर्यंत दर हंगामाला मी त्यांच्यासाठी भाव थोडा वाढवतो. दुसऱ्या कुणाला नाही, त्यांनाच. मागच्या वेळी त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं, कारण त्यांना माहीत आहे आणि ते मिटवायला एक पैसा लागत नाही. त्यांनी जरा विचार केला आणि वाढीव भावावर सही केली.